काकवीतले सॉसेज आणि मावशींचा पहिला मान

आष्टा, ता. वाळवा
मंगळवार, ४ मार्च

तीर्थस्वरूप सौ. अक्काच्या चरणी,

धाकट्या लालाचा जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार. (खरोखर टेकवलंय. तुझी भावजय संयोगिता दारातून डोकावली आणि कंबर धरली का म्हणून विचारून गेली.) तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे. दाजींच्या पायाची सूज उतरली असेल, निदान चप्पल घालण्याइतकी तरी. तुझ्या सासूबाईंना, राहीमावशींना, माझा दंडवत सांग, म्हणजे त्या घेणार असतील तर. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात मजेत फक्त कुत्रं आहे, कारण त्या दिवशीचं उरलेलं सगळं त्यानेच खाल्लं.

आजच्या काळात पत्र कोण लिहितं, असं तू म्हणशील. पण तू माझा नंबर ब्लॉक केलास, मग दुसरी वाट कोणती उरली? संयोगिताच्या फोनवरून तू अर्धा तास बोलतेस, तांदळाच्या पापडाला पापडखार किती घालायचा इथपर्यंत बोलतेस, आणि मागून मी नुसतं खाकरलो तरी फोन कट करतेस. शेवटी काल पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीवरच्या बाईंनी माझं तोंड बघून हळू आवाजात विचारलं, घरात कोण गेलं का. मी म्हटलं, गेलं कोणी नाही, पण बहीण बोलत नाही. त्यावर त्यांनी दोन पाकिटं दिली. एका पत्रात भागायचं नाही, म्हणाल्या.

अक्का, मी तो कार्यक्रम का केला हे तुला सांगायचं राहूनच गेलं. भाषणात सांगणार होतो, पण भाषणाचं काय झालं ते तुला माहीत आहे. (अख्ख्या आष्ट्याला माहीत आहे.) तुझ्या लग्नाला मी आलो नाही. फौजेतून रजा मंजूर होती, ट्रंक भरली होती, तुझ्यासाठी अक्रोडाची पिशवीसुद्धा घेतली होती, आणि आदल्या दिवशी बर्फ पडून रस्ता बंद झाला. इथे दाजींचा कान पिळायला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून चुलत्याच्या पोराला उभा केलात. तो मी फोटोत पाहिलाय. कान पिळतोय की ट्रॅक्टरची चावी फिरवतोय कळत नाही. तुला इथे अक्षता पडत होत्या त्या संध्याकाळी आमच्या ऑफिसर मेसमध्ये एका मेजरसाहेबांच्या लग्नाचा वाढदिवस होता. मी पांढरा कोट घालून, हातात ताट घेऊन, मधात घोळवलेले गरम सॉसेज सगळ्या मॅडम लोकांपुढे फिरवत होतो. पार्टी आवरल्यावर ताटात एक उरला होता, तो मोरीपाशी उभं राहून खाल्ला. तुझ्या लग्नाचं माझं जेवण ते एवढंच. बावीस वर्षं मी लोकांच्या वाढदिवसांना ताटं फिरवली, अक्का. तेव्हा मनाशी ठरवलं होतं की एकदा तरी हे ताट माझ्या बहिणीच्या कार्यक्रमात फिरवायचं. तुझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि तो दिवस आला. यात माझं काही चुकलं असेल तर ते पुढे चुकलं, इथे नाही.

आता हे सॉसेज म्हणजे काय ते दाजींना समजावून सांग, कारण ते गावभर सांगत सुटलेत की लालाने आम्हाला आतडी खायला घातली. तसं काही नाही. कोंबडीचा बारीक खिमा पातळ सालीत भरून केलेल्या करंगळीएवढ्या गुंडाळ्या असतात. त्या तव्यावर परतायच्या, मग गोड चिकट पाकात घोळवायच्या, वरून तीळ भुरभुरायचे आणि प्रत्येकीला एक दात कोरायची काडी टोचून फिरवायच्या. जेवणाआधी तोंड चाळवायला. (आमच्या मेसमध्ये डुकराचेही असत, पण इथे ते केले असते तर तू नंबर ब्लॉक करायला थांबली नसतीस, कुऱ्हाड घेऊन आली असतीस.) सांगलीला जाऊन बर्फातली वीस पाकिटं आणली. एसटीत थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. डब्यातून पाणी गळायला लागलं तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी लस आहे का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

मध पुरणार नव्हता, आणि आपल्या दारात ऊस असताना मध विकत कशाला आणायचा, असं मला वाटलं. गुऱ्हाळावरून ताजी काकवी आणली. इथे माझ्यातला मेसचा उस्ताद जागा झाला. काकवीत टोमॅटो सॉस, ठेचलेला लसूण आणि संयोगिताचा कांदा-लसूण मसाला घातला, आणि चुलीवर मोठी कढई चढवली. मेसमध्ये गॅसची शेगडी असते, आच कमी करायला कान पिरगाळायचा. चुलीला कान नाही. मी मंडपवाल्याशी खुर्च्यांवरून वाद घालायला दहा मिनिटं गेलो तेवढ्यात पाक पुढे गेला आणि त्यातले शंभरेक सॉसेज थंड होता होता एकमेकांना असे धरून बसले की कढई उलटी केली तर एक अखंड वडी खाली पडली. आवाज झाला. संयोगिताने बत्ता आणून दिला. गुऱ्हाळावरचा गुंडा गुळव्या तेवढ्यात आला. त्याने तो प्रकार उचलून उन्हात धरला आणि म्हणाला, ‘मालक, ह्येला पाक म्हनत न्हाईत. ह्यो पायाचा दगड हाय.’ मग तो स्वतःच चुलीपुढे बसला, पाण्यात थेंब टाकून पाक बघितला, आणि दुसरी कढई अशी उतरवली की माझ्या मेजरसाहेबांनी त्याला तिथल्या तिथे भरती करून घेतलं असतं. सॉसेज आरशासारखे चमकत होते. वेलदोड्याची पूड त्यानेच घातली. गुळाच्या कढईत वेलदोडा घालायचा नाही म्हटलं तर त्याचा हात ऐकेना. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं की त्या वेलदोड्यानेच घात केला.

कारण वास गोडाचा यायला लागला, अक्का. अगदी सणाच्या गोडाचा.

आता मावशींबद्दल लिहितो. तुझ्या सासूबाईंनी मांस-मच्छी सोडली आहे हे मला माहीत नव्हतं, असं तू म्हणालीस. माहीत होतं. तुझ्या लग्नानंतरच्याच वर्षी दाजींना कावीळ झाली, डॉक्टरांनी हात टेकले, आणि मावशींनी सिद्धनाथापुढे उभं राहून मटण सोडलं तेव्हा दाजी उठून बसले, हे तूच मला पत्रात कळवलं होतंस. ते पत्र मी ट्रंकेत जपून ठेवलं होतं. म्हणूनच मी शाकाहारी टेबल आंब्याखाली वेगळं मांडलं, त्याला वेगळा आचारी लावला, आणि आपल्या आप्पासो काकांना तिथे पहाऱ्यावर बसवलं. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर, पण व्याह्यांचा मान म्हटलं की तरण्या माणसासारखे कंबर कसतात. मी त्यांना तीनदा बजावलं होतं, ‘काका, गोडाचं पहिलं ताट मावशींच्या म्होरं गेलं पाहिजे. त्यांचा मान पहिला. त्यांनी हात लावल्याबिगार दुसऱ्याला न्हाई.’ त्यांनीही तीनदा मान डोलावली.

आणि माणसाने सांगितलं तसंच केलं, यात त्यांची काय चूक? सॉसेजची परात चुलीवरून उतरून मंडपाकडे निघाली. पितळेची परात, वर गुळाचा रंग, वर तीळ, वेलदोड्याचा घमघमाट. काकांनी परात नेणाऱ्याला अडवलं. विहीणबाईंच्या आधी गोड दुसरीकडे चाललंय, हा त्यांना घराण्याचा अपमान वाटला. परात हिसकून घेतली आणि थेट आंब्याखाली नेली.

मी तेव्हा माईक हातात घेऊन उभा होतो. तू हिरवं इरकल नेसून दाजींच्या शेजारी बसली होतीस, आणि इतकी आईसारखी दिसत होतीस की पहिल्या दोन वाक्यांनंतर पुढचं भाषणच विसरलो. पाणी प्यायला तोंड वळवलं आणि आंब्याखालचं चित्र दिसलं. काका परात धरून वाकले होते, ‘आनि योक घ्या, विहीनबाय, आनि योक, आमच्या घरचा गूळ हाय’ असा आग्रह चालला होता आणि मावशी काडीला धरून सावकाश चावत होत्या. बाकीच्या बायका आपला नंबर कधी लागतो म्हणून वाट बघत होत्या.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं हे मला आता अठ्ठावीस प्रकारे सुचतं. चालत जायचं. काकांना बाजूला घ्यायचं. परात पाडायची. आंब्याला आग लावायची. काहीही. पण बावीस वर्षं हुकमावर चाललेला माणूस आणि तोंडाशी माईक, अक्का. मी ओरडलो, ‘थुका मावशी, थुका! कोंबडी हाय ती!’ त्या डीजेवाल्याने आवाजाला घुमारा लावून ठेवला होता. कोंबडी हाय ती, हाय ती, हाय ती, असं पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं. दोनशे माणसं वळून मावशींकडे बघायला लागली. मावशी थुंकल्या नाहीत. तोंडातला घास त्यांनी गिळला, काडी ताटलीत ठेवली, पदर नीट केला आणि मान खाली घालून बसल्या. त्या म्हाताऱ्या बाईला मी दोनशे लोकांत मान खाली घालायला लावली.

तू माझ्याजवळ येऊन फक्त एकच बोललीस, ‘लाला, माज्या कुकवावर उठलास रं.’ आणि केक न कापता, न जेवता गाडीत बसलीस. दाजी बिचारे मागे वळून मटणाच्या पातेल्याकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा घोटा मुरगळला हे कळलं तेव्हा संयोगितासुद्धा माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच फरशीवर साबण लावून आलो.

तुम्ही गेल्यावर मंडपात काय झालं तेही सांगतो, म्हणजे तुला वाटायला नको की मागे आम्ही हसत खेळत जेवलो. लोक जेवले, पण मयताला जेवल्यासारखे जेवले. काड्या कशासाठी आहेत हे कोणाला सांगायचं राहिलं होतं, त्यामुळे निम्म्यांनी सॉसेज बोटांनी खाऊन काड्यांनी दात कोरले. काकांनी घरी जाऊन दोन दिवस अन्न घेतलं नाही. मी समजूत काढायला गेलो तर म्हणाले, ‘मान द्याया गेलो आनि बाईची अब्रू घिऊन आलो.’ त्यांना मी सांगितलं की अब्रू तुम्ही नाही घेतली, माईकने घेतली. हे मला बोलता बोलताच सुचलं आणि त्यानंतर मला झोप लागत नाही.

कारण खरं तेच आहे, अक्का. मावशींनी अजाणता खाल्लं होतं. अजाणता झालं ते देवाने पोटात घातलं असतं. मी गप्प राहिलो असतो तर ते मी आणि देव दोघांतच राहिलं असतं. मला मात्र तोंड आवरलं नाही. लहानपणी तू शाळा बुडवून जत्रेला गेलीस तेव्हा आईने विचारायच्या आधी मीच सांगून टाकलं होतं, आणि तू मार खाल्ला होतास. तेव्हा तू दुसऱ्या दिवशी बोललीस. आता पंधरा दिवस झाले.

मी काय करू ते सांग. म्हसवडला येऊन नाथाच्या पायरीवर नाक घासायला तयार आहे. मावशींची माफी माईकशिवाय मागायला तयार आहे. एक मात्र लिहून देतो: इथून पुढे जन्मात मी सॉसेजला हात लावणार नाही. ती कढई गुंडाला देऊन टाकली, उरलेलं पाकीट गाडून टाकलं, आणि काकवीचं नाव घरात काढायचं नाही असं संयोगिताला सांगितलं आहे. आईच्या माघारी मला माहेरासारखं एकच दार आहे, आणि ते तुझं आहे. (पुरुषाला माहेर नसतं म्हणतात. मला आहे.) ते बंद करू नकोस.

दाजींना नमस्कार. मावशींना पुन्हा एकदा दंडवत.

तुझा अपराधी भाऊ,
लाला

ता. क. दाजींना सांग, मुरगळलेल्या पायावर रोज गरम-गार पाण्याचा शेक घ्या आणि न्हाणीघरात खरबरीत फरशी बसवून घ्या. बसवणारा माणूस मी पाठवतो.

आणखी ता. क. (शुक्रवार, ७ मार्च) पाकीट चिकटवणार इतक्यात काल दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. शेजारच्या पिंकीचा फोन मागून घेऊन राहीमावशी बोलत होत्या. मी उभा राहिलो. पायातली चप्पलही काढली. आता त्या काय बोलल्या ते मी कोणाला सांगणार नाही अशी त्यांनी मला नाथाची शपथ घातली आहे, विशेषतः सुनेला. शपथ मी घेतली. एक रात्र आणि अर्धा दिवस पाळली. पण त्याच म्हणाल्या की तू रोज तिन्हीसांजेला दिवा लावून रडतेस आणि दाजी शिंकले तरी दचकतेस. मग मी कसा गप्प बसू? एकदा नको तिथे बोललो, आता हवं तिथे गप्प बसलो तर माझ्यासारखा मूर्ख मीच. तर ऐक. मावशींनी नाथाला मटण सोडायचं कबूल केलं होतं ते बारा वर्षांसाठी. बारा वर्षं संपून दुसरी बारा होत आली. मुदत मनातल्या मनात बोलल्या होत्या, घरी सांगताना नुसतं सोडलं एवढंच सांगितलं. नवस फिटला त्या दिवशी त्या तुला सांगणार होत्या, पण त्याच दिवशी तू त्यांच्यासाठी वेगळी तांब्याची भांडी घेऊन आलीस, त्यांच्या पाया पडलीस, आणि तुमच्यामुळंच माझं कुंकू शाबूत आहे म्हणालीस. मग त्यांना सांगवेना. पुढे गल्लीतल्या नव्या सुना पहिला नमस्कार त्यांना करायला लागल्या. मग तर मुळीच सांगवेना. म्हणजे मोडायला काही नवसच उरला नव्हता, अक्का. दाजींचा पाय नाथाने मुरगळला नाही, ओल्या फरशीने मुरगळला. तू निर्धास्त राहा.

शेवटची ता. क. वर एक गोष्ट लिहायची टाळली, पण आता इतकं सांगितलंच आहे. कोंबडी आहे हे मावशींना पहिल्या घासालाच कळलं होतं. त्यांनी पाच खाल्ले. आग्रहाने नाही. ‘पोरा, तेवीस वर्सानं त्वांडाला चव आली हुती, आनि तू बोंबाललास,’ असं म्हणाल्या. मग डबा मागितला. म्हणून गुंडाकडून कढई परत आणली आहे आणि आज सकाळीच सांगलीला जाऊन पाकिटं आणली. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी मी येतोय. विनंती एवढीच आहे: डब्यात काय आहे असं सगळ्यांसमोर विचारू नकोस, मी तिळाच्या वड्या म्हणेन, तू हो म्हण. डबा त्यांच्या खोलीत ठेव, दार लोटून घे आणि घटकाभर अंगणात कामाला लाग. तुला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस, आणि त्यांची भांडी आहेत तशीच वेगळी राहू देत. मग मला चहा विचार. मी नको म्हणेन. तरी ठेव.